गिरीजचे दिवे, सह्याद्रीचे पाणी

वसई स्टेशनाबाहेरची गर्दी ओलांडून गिरीजच्या वाटेला लागलो की जीव थोडा निवतो. केळीच्या बागा, नारळी, विहिरी आणि मधूनच डोके वर काढणाऱ्या नव्या इमारती. गावात हिराडोंगरी नावाची टेकडी आहे, वर दत्ताचे देऊळ. आश्विनातल्या एका संध्याकाळी मी तेथे स्नेह्याच्या कुटुंबाबरोबर गेलो होतो. दिवस मावळला आणि खालचे दिवे पाहता पाहता लागले.

"लहानपणी बागेला पाणी रहाटाचे. आता खटका दाबला की मोटर सुरू," स्नेही म्हणाले.

त्यावर वहिनी म्हणाल्या, "भावोजी, सगळे एकाच वेळी खटके दाबतात. तेवढी वीज ऐन वेळी आणतात कुठून?"

वहिनींच्या प्रश्नातच जलविद्युतेचे सारे मर्म आहे. वीज काही कोठारातल्या धान्यासारखी साठवून ठेवता येत नाही. मोठ्या प्रमाणावर तर फारच कठीण. मागणी वाढेल त्या क्षणी ती निर्माण व्हावी लागते. कोळशाची थंड भट्टी पेटून वाफ धरायला तास लागतात. उन्हाची वीज दिवेलागणीला घरी जाते. धरणाचे दार उघडले, की चक्र मात्र काही मिनिटांत फिरू लागते. गिरीजच्या कोणत्या दिव्यात कोणत्या धरणाचे पाणी, हे सांगता येत नाही. साऱ्या वीजघरांचे जाळे एकच. पण संध्याकाळी ते जाळे सावरण्यात पाण्याचा हात मोठा.

हा उद्योग आपल्याकडे जुना. लोणावळ्याच्या परिसरात पावसाचे पाणी अडवून ते सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचे, ही टाटांची योजना १९१५ साली सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. १९६२ मध्ये कोयनेची पहिली वीज आली. आज कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी देशाच्या वीजक्षमतेत पाण्याचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. आज तो सुमारे एक दशांशावर आला आहे. वाटा घटला, तरी संध्याकाळची गरज घटलेली नाही.

मात्र हे पाणी फुकटचे नाही. कोयना काय, मुळा काय, या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या. त्यांचे पाणी विजेसाठी पश्चिमेला कोकणात उतरवले, की ते घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या शिवारांना मिळत नाही. म्हणूनच कृष्णा लवादाने कोयनेच्या पश्चिमेकडील पाण्याला मर्यादा घातली. आणि भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरे बुडाली. १९२१ च्या रामनवमीला त्यांनी सत्याग्रह मांडला. पुढे त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. धरण तरीही झाले.

वाचकहो, दिवाळीत रोषणाई जरूर करा. पण पाण्याची मोटर, इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र ही कामे दुपारी, उन्हाची वीज मुबलक असताना उरकावीत. तेवढे धरणातले पाणी दिवेलागणीसाठी राहील. विजेच्या बिलात युनिटांचा हिशेब असतो; मुळशीच्या खाचरांचा नसतो. तो आपणच मनात धरायचा.