आवाजाचा धनी

चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची आपल्याला इतकी सवय जडली आहे की, केवळ आवाजाने आयुष्यभर आपली सोबत करणाऱ्यांची नावेदेखील आपण विचारीत नाही. तरुणपणी वसईहून लोकलने चर्चगेटला जाऊन इंग्रजी चित्रपट पाहणे ही आम्हां भावंडांची वर्षाकाठची चैन असे. मुख्य चित्रपटाआधी आगामी चित्रपटांचे ट्रेलर दाखवीत. पडद्यामागून खर्जातला एक गंभीर आवाज उमटे आणि न पाहिलेल्या कथेची ओढ लावून दोन मिनिटांत नाहीसा होई. नटनट्यांची नावे आम्हांला पाठ होती. बोलणारा कोण, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणालाच कधी पडला नाही.

या अदृश्य निवेदकांत सर्वांत मोठे नाव डॉन लाफाँटेन यांचे. १९४० साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील डुलूथ येथे त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी एक वाक्य बोलता बोलता मध्येच त्यांचा आवाज फुटला आणि तो खर्जातच स्थिरावला. शालेय शिक्षणानंतर ते सैन्यात गेले. तेथे लष्कराच्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. पुढे ध्वनिमुद्रणगृहात तंत्रज्ञ म्हणून ते नोकरीस लागले आणि फ्लॉइड पीटरसन या निर्मात्याबरोबर चित्रपटांच्या रेडिओ-जाहिराती तयार करू लागले. मजकूर लिहावा, फिती कापाव्यात, जोडाव्यात, असे ते पडद्यामागचे काम होते. बोलणारे कलावंत वेगळे असत.

१९६४ साली ‘गनफायटर्स ऑफ कासा ग्रांदे’ या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी ठरलेला कलावंत आलाच नाही. काम तर वेळेत द्यायचे होते. तेव्हा वेळ निभावून नेण्यासाठी लाफाँटेन यांनी स्वतःच मजकूर वाचला. चित्रपट कंपनीने तो पसंत केला आणि बदली म्हणून उभा राहिलेला तंत्रज्ञ कायमचा निवेदक झाला.

त्यानंतरच्या चार दशकांत त्यांनी पाच हजारांहून अधिक ट्रेलरना आवाज दिला. जाहिरातींची तर गणतीच नाही. मधली काही वर्षे पॅरामाउंट कंपनीत ट्रेलर विभाग सांभाळून १९८१ साली ते लॉस एंजेलिसला आले आणि स्वतंत्रपणे काम करू लागले. एका ध्वनिमुद्रणगृहातून दुसऱ्यात वेळेवर पोहोचता यावे म्हणून त्यांनी चालकासह मोटार ठेवली होती. पुढे घरीच ध्वनिमुद्रणाची सोय झाली, तेव्हा ही धावपळ थांबली. ‘अशा एका जगात...’ अशा अर्थाचे प्रारंभीचे शब्द त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. पुढे त्या शब्दांची टिंगलही पुष्कळ झाली; परंतु त्यांमागे कारागिराचा विचार होता. कथा कोणत्या काळी, कोणत्या स्थळी घडते हे प्रेक्षकाला काही क्षणांत कळले पाहिजे. त्या तीन-चार शब्दांनी तो आपली खुर्ची न सोडता तेथे जाऊन पोहोचे.

एवढे होऊनही चेहरा अनोळखीच राहिला. २००६ साली एका विमा कंपनीच्या दूरदर्शन-जाहिरातीत ते प्रत्यक्ष दिसले, तेव्हाही त्यांची ओळख ‘चित्रपटांतला तो निवेदक’ अशीच करून देण्यात आली. १ सप्टेंबर २००८ रोजी वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हळूहळू ट्रेलरमधून निवेदकच मागे पडला आणि त्याची जागा संवादांनी व पडद्यावरील अक्षरांनी घेतली. हे क्षेत्र बहुतांशी पुरुषांचीच मिरास होते. त्यात शिरू पाहणाऱ्या एका स्त्रीची कथा लेक बेल यांनी २०१३ साली पडद्यावर आणली आणि लाफाँटेन यांचे तेच शब्द चित्रपटाचे शीर्षक म्हणून घेतले.

आज ही हकिगत आठवण्यास कारण घडले आहे. माणसाच्या आवाजाचा थोडासा नमुना मिळाला की संगणक त्याच आवाजात हवे ते बोलू शकतो. २०२३ साली अमेरिकेतील अभिनेत्यांनी ११८ दिवस संप केला. आपल्या चेहऱ्याची वा आवाजाची यांत्रिक प्रतिकृती संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून वापरू नये, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलेस अंतरिम मनाई केली.

हा प्रश्न नामवंतांपुरताच आहे असे आम्हांला वाटे. गेल्या वर्षी तो आमच्या ओसरीवर आला. आमचा थोरला भाऊ आखातात नोकरीस असताना वडिलांनी त्यास कॅसेटवर निरोप भरून पाठविला होता. ती कॅसेट आमच्याजवळ आहे. वडील प्रथम खाकरतात, बावखलाला यंदा पाणी किती आहे ते सांगतात, मग काय बोलावे ते न सुचून थोडा वेळ गप्प राहतात. पुतण्या म्हणाला, “यावरून आजोबांचा आवाज तयार करू. लग्नात तेच मला आशीर्वाद देतील.” त्याच्या मनात प्रेमच होते. तरीही आम्ही भावंडांनी एकमताने नकार दिला.

का दिला, याचे उत्तर आम्हांला लाफाँटेन यांच्या एका सवयीत सापडले. अनोळखी चाहत्यांनी गळ घातली की ते त्यांच्या टेलिफोनच्या उत्तरयंत्रासाठी दोन वाक्ये मोफत बोलून देत. ज्या आवाजासाठी चित्रपट कंपन्या पैसे मोजीत, तो ते कोणाही सामान्य माणसाला देऊन टाकीत. पण देणारे ते स्वतः असत. त्यासाठी त्यांना आपला वेळ खर्चावा लागे, श्वास घ्यावा लागे, आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभाही त्यांना होती. आमच्या वडिलांना आता ‘हो’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही.

लग्नाच्या आदल्या रात्री पुतण्याला जवळ बसवून आम्ही ती कॅसेट जशीच्या तशी लावली. त्यात आशीर्वादाचा एकही शब्द नव्हता. बावखलाचे पाणी तेवढे होते, आणि ती गप्प राहण्याची जागा होती. ती आली तेव्हा तोही आमच्याबरोबर गप्प राहिला.