गाडीचा ओरखडा आणि रंगाचा डबा

रंग हा मोटारीचा केवळ शृंगार आहे, असें पुष्कळांस वाटतें. समुद्राकांठीं राहणाऱ्यास मात्र तो शृंगार नसून चिलखत आहे, हें लवकरच कळून येतें. कारखान्यांतून निघालेल्या गाडीच्या अंगावर गंजरोधक थर, अस्तर, रंग व वर पारदर्शक वार्निश असे थर असतात; सारे मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास! एवढ्याशा कवचास खिंडार पडलें कीं खाऱ्या हवेस पत्र्यापर्यंत वाट मोकळी.

आमच्या तीर्थरूपांच्या रुपेरी गाडीस फाटकाचा खिळा लागून मागल्या दारावर वीतभर ओरखडा उठला. गाडी तेच हांकीत होते. बोलले कांहीं नाहींत. पण त्या दिवसापासून ते ती बाहेर काढीनात. सबंध दार रंगविण्याची किंमत ऐकल्यावर तर त्यांनीं गाडी विकण्याचाच विषय काढला. तेव्हां हें काम घरींच करण्याचें आम्हीं ठरविलें.

रंगाचा क्रमांक दाराच्या चौकटीवर वा पुढच्या झांकणाखालीं एका पट्टीवर लिहिलेला असतो. त्यावरून दुकानदारानें रंग मिसळून फवाऱ्याच्या डब्यांत भरून दिला. परंतु क्रमांक जुळला म्हणजे रंग जुळला, असें नव्हे. जुना रंग उन्हानें उतरलेला असतो. शिवाय रुपेरी रंगांतील ॲल्युमिनियमचे कण जसे बसतील तशी छटा पालटते. दुरून, कोरडा मारला तर फिकी. जवळून, ओला मारला तर गडद. म्हणून आम्हीं प्रथम पुठ्ठ्यावर फवारा मारून तो दारापाशीं धरला. इतक्यांत तीर्थरूप बाहेर आले. "सावलींत काय पाहतोस? उन्हांत धर," ते म्हणाले. त्या दिवसानंतर ते गाडीजवळ आले ते प्रथमच.

पुढें घांसकाम. पॉलिश पेपर पाण्यांत भिजवून ओरखड्याच्या कडा सपाट केल्या, उघड्या पत्र्यास अस्तर दिलें, भोंवतीं कागद चिकटविले. नाकातोंडावर मुखवटा बांधून, मोकळ्या हवेंत व विस्तवापासून दूर, वीतभर अंतरावरून पातळ हात दिले. एकाच हातांत सारें झांकण्याचा मोह अनावर होतो. तसें केल्यास ओघळ येतात. पावसाळ्यांत तर हें काम करूंच नये, दमट हवेनें पांढुरकी झांक येते. गॅरेजांत यास अद्यापि 'ड्युको मारणें' म्हणतात. ड्युको हें १९२३ सालीं अमेरिकेंत निघालेल्या, लवकर वाळणाऱ्या एका रंगाचें नांव.

तिरपें पाहिलें असतां ओरखड्याची खूण अजून दिसते. वार्निश कठीण होण्यास आठवडा जाऊं दिला. आठव्या दिवशीं तीर्थरूपांनीं किल्ली मागितली. फाटकाचा तो खिळा त्यांनीं आधींच ठोकून ठेविला होता.