चतुर दिसला, म्हणजे पाणी कुठंय?

कतारमध्ये नदी नाही, ओढा नाही. वर्षाकाठी पाऊस पडतो तो साधारण 75 मिलिमीटर. आंबोलीत आषाढातल्या एका दिवसात याहून जास्त कोसळतो. प्यायचं पाणी समुद्राचं मीठ काढून मिळवलेलं. आणि चतुराचं बालपण तर सगळं पाण्याखाली जातं. मादी पाण्यात अंडी सोडते, पिल्लू डासांच्या अळ्या फस्त करत, कात टाकत वाढतं आणि एके रात्री काठावरच्या काडीवर चढून पंख मोकळे करतं. म्हणून हमद बंदराच्या जाळीवर चतुर बसलेला दिसला, की मनात पहिला प्रश्न उठतो: पाणी कुठंय?

दोह्याच्या दक्षिणेला, वकरा आणि मसईदच्या मधे उम्म अल हौलच्या किनाऱ्यावर हे बंदर आहे. 2017च्या सप्टेंबरात त्याचं रीतसर उद्घाटन झालं. एका बाजूला खारा समुद्र, दुसऱ्या बाजूला मिठानं पांढुरकी पडलेली सबखा जमीन. यात गोडं पाणी शोधायचं तर माणसाच्या मागावर जावं लागतं. रस्त्याकडेच्या झाडांना सोडलेलं, सांडपाणी शुद्ध करून मिळवलेलं पाणी. टँकर भरतात तिथं साचलेलं डबकं. एसीच्या नळीखाली ठिबकून हिरवा झालेला कोपरा. या देशात चतुर मोजायला निघालेला माणूस नकळत पाणीच मोजत असतो, आणि मला या कामाची ओढ लागली ती त्यामुळेच.

हे काम हौशी लोकांचं आहे. कतार नॅचरल हिस्टरी ग्रुपची मंडळी 1978पासून या वाळवंटात निसर्ग बघत हिंडत आली आहेत. शेजारच्या अमिरातींतल्या चतुरांची सचित्र यादी 2007 साली ‘ट्रिब्युलस’ या नियतकालिकात आली. ती करणाऱ्यांत गॅरी फ्यूलनर होते, पेशानं वकील. दिवसभर कागदपत्रं आणि सुट्टीच्या दिवशी कोरड्या नदीपात्रांतली डबकी! अशा माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पगार नाही, पदवीचा आग्रह नाही. तारीख, ठिकाण आणि खात्रीची ओळख एवढीच शिस्त.

आपल्याकडेही हेच दिसतं. सिंधुदुर्गातल्या विमलेश्वरची एक पिवळसर टाचणी, म्हणजे चतुराची सडपातळ बहीण, शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी 2019 मध्ये विज्ञानाला नव्यानं ओळखून दिली. 2022 मध्ये चौकुळ गावाचं नाव एका चतुराला मिळालं, बर्मागोम्फस चौकुलेन्सिस. गावच्या ओढ्यावर वर्षानुवर्षं उडत असलेला जीव. कुणी थांबून नीट पाहिलं तेव्हा त्याला नाव मिळालं.

बंदरात मात्र थांबून पाहणं सोपं नाही. कॅमेऱ्याला परवानगी लागते, कंटेनर उचलणाऱ्या रीच स्टॅकरच्या वाटेत उभं राहता येत नाही. उन्हाळ्यात तर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम कायद्यानंच बंद. त्या वेळी चतुरसुद्धा उन्हाशी हिशेब करतो. तारेच्या टोकावर बसून पोटाचा लांबट भाग थेट सूर्याकडे रोखतो आणि जवळजवळ शीर्षासनात जातो, म्हणजे अंगावर ऊन कमीत कमी पडतं. सावली नसलेल्या जागी सावलीची सोय त्यानं अशी स्वतःच्या शरीरातून काढली आहे.

एका दृश्यानं मात्र माझी झोप उडवली. जहाजातून उतरलेल्या नव्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. एका लाल गाडीच्या बॉनेटवर पिवळसर चतुराची मादी खाली येत होती, शेपटीचं टोक टेकवत होती, वर उठत होती, पुन्हा टेकवत होती. ती अंडी घालत होती, तापलेल्या पत्र्यावर. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या लहरी आडव्या प्रतलात कंपन करतात. चतुराला ते दिसतं आणि तेवढ्यावरून तो पाणी ओळखतो. चकचकीत रंगाचा पत्राही तसाच प्रकाश देतो. 1991च्या युद्धात कुवेतच्या पेटवलेल्या विहिरींतून तेलाची तळी साचली, तेव्हा याच फसगतीनं कीटक त्यांत उतरले आणि रुतून मेले. होर्वाथ आणि झाइल यांनी 1996 मध्ये ‘नेचर’मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्या मादीची चूक नव्हती. लाखो वर्षं तिच्या जातीला या पृथ्वीवर चकाकणारी सपाट गोष्ट म्हणजे पाणीच भेटत आलं. ही नोंद मी वहीत वेगळी केली: जागा, वेळ, गाडीचा रंग, आणि पुढे ‘पाणी नाही’.

ती मादी बहुधा पँटाला फ्लॅव्हेसेन्स असावी, जगभर फिरणारा भटक्या चतुर. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात दीड-दोन महिन्यांत याची पिढी तयार होते आणि वाऱ्यावर निघून जाते. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला, तोही आमच्यासारखाच: प्रवाळाच्या या बेटांवर गोडं पाणी जवळजवळ नाही, मग ऑक्टोबरात हे थवे येतात कुठून? त्यांनी वर्षानुवर्षं आगमनाच्या तारखा टिपल्या, वाऱ्यांशी ताडून पाहिल्या आणि 2009 मध्ये मांडलं, की हे चतुर भारतातून निघून हिंदी महासागर ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात. एवढा मोठा शोध, आणि त्याच्या पायाशी तारखांची वही!

बंदरातल्या आमच्या यार्डात रत्नागिरीचा एक मुलगा क्रेनवर आहे. मी वही काढली की वरून उतरल्यावर विचारतो, “काका, आज किती?” एकदा म्हणाला, “हे आमच्याकडं भात कापायला आलं की दिसतात.” मी तेही लिहून घेतलं. उंचावरून त्याला वारा माझ्याआधी कळतो, म्हणून वायव्येकडचा शमाल वारा सुटला की त्याची वेळ तोच सांगतो.

वकरा, मसईद, उम्म अल हौल या पट्ट्यात आपली मराठी माणसं खूप आहेत. साइटवर, गोदामात, गाडीवर. त्यांना माझं सांगणं आहे: चतुर पंख पसरून बसतो, टाचणी पाठीवर मिटून, एवढं कळलं तरी सुरुवात होते. कुंपणाबाहेर असाल तर फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, आत असाल तर कागदावर लिहा. तारीख, वेळ, वारा, जवळचं पाणी. आणि अर्धा तास बघूनही एकही दिसला नाही, तर ‘शून्य’ लिहायला विसरू नका. आठवड्याला एक नोंद पुरे, पण जागा तीच ठेवा. सुरुवात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करा, ऊन उतरायला लागतं तेव्हा.