भुवईतला होकार

अलास्का म्हटलं की आपल्या मंडळींना क्रूझ आठवते. सात दिवस, तीन बंदरं, एक ग्लेशियर, डेकवर कुडकुडत काढलेला ग्रुप फोटो आणि बुफेमध्ये शोधून काढलेली, कशाचीही चव नसलेली व्हेजिटेबल करी. माझंही अलास्काचं ज्ञान तेवढंच होतं. पण 2023 च्या ऑगस्टमध्ये कामानिमित्त मला एका वेगळ्याच अलास्कात जायला मिळालं. तिथे ग्लेशियर नाही, डोंगर नाही, झाडंसुद्धा जवळजवळ नाहीत. युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन मोठ्या नद्यांच्या मुखाशी पसरलेला तो सपाट, पाणथळ टुंड्रा. विमानातून खाली पाहिलं तर जमिनीत तळी आहेत की तळ्यांत जमीन, तेच कळत नाही.

हा युपिक लोकांचा प्रदेश. ‘युक’ म्हणजे माणूस आणि ‘युपिक’ म्हणजे खरा माणूस. अँकरेजहून सुमारे 400 मैल विमानानं गेलं की बेथेल येतं. तिथपर्यंत बाहेरून येणारा एकही रस्ता नाही. बेथेलहून पुढे सहा सीटचं विमान. त्यात बसण्याआधी काउंटरवरची बाई सगळ्यांसमोर तुमचं वजन विचारते. कन्सल्टिंगमध्ये वीस वर्षं काढल्यावर वजनाबद्दल खरं बोलण्याची सवय राहिलेली नसते, पण विमान तेवढंसं बघून मी खरं तेच सांगितलं!

गावाचं नाव मुद्दामच देत नाही. चारेकशे वस्ती. खालची जमीन कायम गोठलेली आणि वरचा थर उन्हाळ्यात दलदलीचा, म्हणून घरं खांबांवर आणि रस्त्यांऐवजी लाकडी फळ्यांच्या वाटा. कितीतरी घरांत नळाचं पाणी नाही. शाळा ही गावातली सर्वांत मोठी इमारत; तिचा स्वतःचा जनरेटर, स्वतःचं पाणी. गावात हॉटेल नसल्यामुळे माझ्यासारखे कामासाठी आलेले पाहुणे शाळेतच झोपतात. मी लायब्ररीत स्लीपिंग बॅग पसरली, पिशवीतला भडंगाचा डबा ‘विज्ञान’ विभागात ठेवला आणि दोन आठवड्यांसाठी संसार थाटला.

माझं काम शाळेचं नेटवर्क नव्यानं बसवायचं आणि मुलांचे लॅपटॉप लावून द्यायचं. त्याच आठवड्यात शाळेत आणखी एक नवखी व्यक्ती आली होती. ओहायोमधली चोवीस वर्षांची एक मुलगी, चौथी-पाचवीच्या एकत्र वर्गाची नवी शिक्षिका. आयुष्यात पहिली नोकरी, आणि तीसुद्धा इथे. अलास्काच्या अशा दुर्गम शाळांमध्ये बहुतेक नवे शिक्षक बाहेरून येतात. अलीकडे फिलिपिन्सहून व्हिसावर आलेले शिक्षकही बरेच आहेत. व्हिसा, दोन बॅगा आणि अनोळखी गाव हा अनुभव आपल्याला काही नवा नाही, त्यामुळे मला त्या मुलीबद्दल आपोआपच आपुलकी वाटली.

लॅपटॉपचं काम मी तिच्याच वर्गाच्या मागच्या टेबलावर बसून करत होतो. त्यामुळे तिचे पहिले दिवस मला डोळ्यांदेखत बघायला मिळाले.

पहिल्या दिवशी तिनं उत्साहानं विचारलं, “या सुट्टीत बेरी वेचायला कोण कोण गेलं होतं?” चौदा मुलं, एकाचाही हात वर नाही. “मासे पकडायला?” शांतता. “बरं, मी काय विचारतेय ते समजतंय ना?” शांतता. तिनं तोच प्रश्न जरा मोठ्यानं विचारला. मग आणखी सोपा करून विचारला. मग स्वतःच उत्तर देऊन टाकलं. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात सूप गरम करता करता ती म्हणाली, “ही मुलं माझ्याशी बोलतच नाहीत. नाताळपर्यंत तरी टिकेन की नाही कोण जाणे.”

तिथे गावातल्याच एक मदतनीस शिक्षिका होत्या. पन्नाशी उलटलेल्या, जवळजवळ तीस वर्षं याच शाळेत. मी त्यांना मनातल्या मनात मावशी म्हणत असे. मावशी भांडी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बोलतात की. तू बघत नाहीस.”

“म्हणजे? कधी बोलले?”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं आणि नुसत्या भुवया वर उचलल्या. “हे ‘हो’.” मग नाकाला एक बारीकशी सुरकुती पाडली. “आणि हे ‘नाही’. पोरं चार दिवस तुला उत्तरं देतायत. तू हात वर व्हायची वाट बघतेस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फळ्याकडे पाठ केली, वही बंद केली आणि तोच बेरीचा प्रश्न पुन्हा विचारला. मीही मागून मान उंच करून बघत होतो. एका क्षणात दहा-बारा जोड्या भुवया वर गेल्या आणि खाली आल्या. खिडकीजवळच्या एका मुलीनं नाक मुरडलं. तिला तिनं हळूच विचारलं, “तू का नाही गेलीस?” बऱ्याच वेळानं उत्तर आलं, “आजी आजारी होती.” त्या मुलीचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

मला माझं विद्यापीठातलं पहिलं सेमिस्टर आठवलं. प्रोफेसर काही समजावून देत, मी आपल्या पद्धतीनं मान डोलावत असे आणि ते थांबून विचारत, “हो की नाही?” आपल्या मान डोलावण्यात होकार, ‘कळलं’, ‘बघू या’ आणि ‘चालू द्या’ एवढं सगळं असतं, बघणाऱ्याला ते वाचता यायला हवं.

‘बऱ्याच वेळानं’ हा शब्दही महत्त्वाचा. नेटवर्कच्या कामात आम्ही ‘टाइमआउट’ नावाची एक गोष्ट ठरवतो. समोरून उत्तर यायला किती वेळ थांबायचं, आणि कधी समजायचं की आता येत नाही. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो; सिग्नल वर जाऊन, खाली येऊन, उत्तर परत मिळेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. तिथे एखाद्या प्रोग्रॅमचा टाइमआउट फार कमी ठेवला तर तो ‘उत्तर नाही’ म्हणून मोकळा होतो, आणि उत्तर तर वाटेवरच असतं. वर्गातही असंच चालतं. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात आणि जास्त मुलं बोलतात. युपिक घरांत तर मोठ्यांकडे बघून, ऐकून शिकायचं आणि नीट कळल्याशिवाय बोलायचं नाही हीच रीत. त्या मुलांना एका सेकंदात हात वर करायला सांगणं म्हणजे उपग्रहाला घाई करण्यासारखंच.

दुसऱ्या आठवड्यात गणिताचा तास रंगला. मावशींनी युपिक आकडे शिकवायला घेतले. पाच म्हणजे ‘तल्लीमात’. हाताला ‘तल्लीक’ म्हणतात, म्हणजे एका हाताची बोटं. वीस म्हणजे ‘युइनाक’, आणि त्यात पुन्हा तोच ‘युक’, माणूस. हातापायांची सगळी बोटं मोजून झाली की एक माणूस पुरा होतो. पस्तीस म्हणजे एक वीस आणि पंधरा, चाळीस म्हणजे दोन विसा. मी मागच्या टेबलावरून एकदम म्हणालो, “आमच्या गावाकडे म्हाताऱ्या बायका अशाच मोजायच्या! तीन विसा आणि दहा म्हणजे सत्तर!” चौदा मुलं वळून माझ्याकडे बघू लागली. पुढच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, “तुम्ही कुठले इंडियन?” तिकडे इंडियन म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला राहणारे अथाबास्कन लोक. मी नकाशावर बोट ठेवून मुंबई दाखवली. त्यानं जरा विचार करून भुवया उचलल्या. पास झालो!

या लोकांचं गणित ही गंमत म्हणून सांगण्याची गोष्ट नाही. फेअरबँक्सच्या अलास्का विद्यापीठातले जेरी लिपका यांनी युपिक वडीलधाऱ्यांबरोबर अनेक वर्षं काम करून मासे सुकवायच्या मांडवापासून पार्क्यावरच्या नक्षीपर्यंत सगळ्यांतून शाळेचं गणित उभं केलं. नव्या बाईंनी वर्गात तेच सुरू केलं. दोन दिवस गैरहजर असलेला एक मुलगा परत आला, तेव्हा कळलं की त्याला आयुष्यातली पहिली शिकार मिळाली होती, दोन बदकं. पहिली शिकार स्वतः ठेवायची नसते, ती गावातल्या वृद्धांना द्यायची असते. बाईंनी त्याला विचारलं, “किती घरी वाटलंस?” आणि त्या दिवशीचे अपूर्णांक त्यानं शिकवले.

मावशींनी एका रात्री मला आकुताक खायला दिलं. बेरी, साखर आणि वनस्पती तूप फेटून केलेलं, माझ्यासाठी मुद्दाम माशाशिवाय. श्रीखंडाचा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही. खाता खाता त्यांनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. युपिक बोलली म्हणून शाळेत तिला साबणानं तोंड धुवायला लावत. पुढे हायस्कूल हवं तर मुलांना घर सोडून शेकडो मैल दूर, काहींना तर ओरेगनपर्यंत, वसतिगृहात पाठवत. 1972 मध्ये मॉली हूच या युपिक मुलीच्या नावानं राज्यावर खटला दाखल झाला. 1976 मध्ये तडजोड झाली आणि 126 गावांत, तिथल्या लोकांना हवं असेल तर, हायस्कूल देण्याचं राज्यानं कबूल केलं. मी ज्या लायब्ररीत झोपत होतो तिच्यासारख्या खोल्यांमागे एवढा इतिहास आहे. 1970 च्या सुमारास काही गावांत सुरुवातीचे वर्ग युपिकमधून भरू लागले, 1995 मध्ये बेथेलला पूर्ण युपिकमधून शिकवणं सुरू झालं आणि 2014 मध्ये राज्यानं वीस मूळ भाषांना इंग्रजीबरोबर अधिकृत दर्जा दिला. तरीही युपिक बोलणारे आज साधारण दहा हजारच उरलेत. आपल्या मुलांचं मराठी तुटकं झालं तर आपल्याला वाईट वाटतं, पण मराठी पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात नांदतच राहणार. या भाषेला मात्र दुसरं गाव नाही.

युपिकमध्ये ‘एलित’ म्हणजे शिकणे, आणि शिक्षकाला म्हणतात ‘एलित्नौरिस्ता’. मी मावशींना सांगितलं, की आमच्याकडेही ‘शिकणे’ आणि ‘शिकवणे’ एकाच धातूचे. त्यांनी भुवया उचलल्या.

या सगळ्यात एक प्रश्न मात्र मुलं भुवयांनी विचारत नसत, तोंडानं विचारत. मधल्या सुट्टीत, जेवताना, फळ्या-फळ्यांच्या वाटेवर. “पुढच्या वर्षी परत येणार का?” शाळा सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते! मावशींनी कारण सांगितलं. त्या चौथी-पाचवीच्या मुलांनी आत्तापर्यंत इतके शिक्षक येताना-जाताना पाहिले होते, की कोणावर किती जीव लावायचा याचा हिशेब ती आधीच मांडत. त्यातल्या एका छोटीनं मलाही विचारलं. मी खरं ते सांगितलं, “नाही. माझं काम शुक्रवारी संपतं.” तिनं भुवया उचलल्या आणि खेळायला निघून गेली. कन्सल्टंटचं आयुष्य असंच असतं. पण ते उत्तर ऐकून इतक्या शांतपणे मान्य करणारी दहा वर्षांची मुलगी मी पहिल्यांदा पाहिली.

बाई टिकल्या. नाताळ गेला, वर्ष गेलं, दुसरं गेलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये हॅलाँग वादळाचा तडाखा त्या किनाऱ्याला बसला. किपनुक आणि क्विगिलिंगोक या गावांची वाताहत झाली, घरं पायांवरून उचलून वाहत गेली, लोकांनी शाळेच्या इमारतींत आसरा घेतला आणि मग शेकडो जणांना विमानानं अँकरेजला हलवावं लागलं. बाईंचं गाव मोठ्या नुकसानीतून वाचलं. पण तिकडून आलेली युपिक मुलं अँकरेजच्या शाळांत जाऊन बसली. आता मुलं नवी होती आणि शिक्षक जुने.

बाईंची एक मैत्रीण अँकरेजला शिकवते. तिच्यासाठी बाईंनी अर्ध्या पानाचं टिपण लिहिलं आणि मलाही पाठवलं. आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत मी रविवारी वर्ग घेतो. तिथे दरवर्षी नवे पालक हौसेनं शिकवायला येतात आणि पहिल्याच दिवशी “ही मुलं बोलतच नाहीत हो!” म्हणून हिरमुसतात. म्हणून ते टिपण मी मराठीत करून स्वयंसेवकांच्या फायलीत लावलं आहे. चारच ओळी आहेत:

प्रश्न विचारल्यावर मुलांच्या चेहऱ्याकडे बघा.
मनात पाचपर्यंत मोजा, मगच पुन्हा बोला.
त्यांच्या घरी काय चाललंय ते विचारा, आणि त्यातूनच धडा काढा.
तुम्ही कधीपर्यंत आहात, ते त्यांना खरं खरं सांगा.