पंधरा की सोळा?

दोस्तांनो, एक प्रश्न विचारतो. समजा, तुम्ही एखादं यंत्र खोललं, साफ केलं, पुन्हा जोडलं आणि शेवटी मोजलं तर एक नट कमी! रात्र झालीय, हात काळे झालेत, पोटात कावळे ओरडतायत. आता यंत्र चालू कराल, की पुन्हा खोलाल?

लगेच उत्तर देऊ नका. आधी माझी गोष्ट ऐका.

माझा भाचा अमेरिकेत डेट्रॉइटजवळ असतो. त्यानं 'निस्सान ३७० झेड' नावाची जुनी स्पोर्ट्‌स कार घेतलीय. दोन माणसांची, बुटकी, पण अंगात ३३२ घोड्यांचं बळ! एवढ्यावर स्वारीचं समाधान होईना. त्यानं बाजारातून दोन टर्बोंचा संच आणला आणि मित्रांच्या मदतीनं स्वतःच गाडीला बसवायला घेतला.

टर्बो म्हणजे काय, माहीत आहे? सांगतो. पेट्रोल जळायला हवा लागते. किती? एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो! इंजिन आपलं आपण जेवढी हवा ओढेल तेवढीच त्याला मिळते. जास्त हवा कोंबता आली, तर जास्त पेट्रोल जाळता येईल आणि ताकदही वाढेल. मग हवा कोंबायची कशी? गड्ड्याच्या जत्रेतलं भिरभिरं आठवा. एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन भिरभिरी लावली आहेत असं समजा. इंजिनातून जोरात बाहेर पडणारा धूर एकाला फिरवतो. त्याबरोबर दुसरं फिरतं आणि ते हवा दाबून इंजिनात ढकलतं. वाया जाणारा धूरच कामाला लावला की नाही? स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरनं १९०५ साली या युक्तीचं पेटंट घेतलं.

भाच्याच्या गाडीला सहा सिलिंडर आहेत, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. म्हणून प्रत्येक बाजूला एक टर्बो. पण नुसते टर्बो लावून भागत नाही, बरं का! दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना खालून हात लावून बघा, चटका बसेल. ती हवा गार करायला पुढं जाळी हवी. जास्त पेट्रोल सोडायला मोठे इंजेक्टर हवेत. टर्बोच्या दांड्याला तेल पुरवणारी आणि ते परत नेणारी नळी हवी. मग गाडीच्या कॉम्प्युटरला सगळा हिशेब नव्यानं शिकवायचा. आठवडेच्या आठवडे पोरं खपत होती.

आणि एका रविवारी पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला. तिकडं शनिवारची रात्र. "मामा, झालं! आता चालू करतोय. तुम्ही फोनवरच आवाज ऐका."

मी विचारलं, "सगळं मोजलंस का रे?"

पलीकडं एकदम शांतता.

दोस्तांनो, हा प्रश्न माझा नव्हे. तो आमच्या मिस्त्रीकाकांचा. आता तीस वर्षं मागं चला.

१९९४ सालची मे महिन्याची सुट्टी. मी नुकताच आठवी पास झालेला. सोलापुरात सात रस्त्याजवळ मिस्त्रीकाकांचं पत्र्याचं गॅरेज होतं. घरी दंगा नको म्हणून आईनं मला तिथं धाडलं. काम एकच : नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे आणि मोजून ठेवायचे.

एके दिवशी बोअर मारणारी गाडी आली. उन्हाळ्यात आमच्याकडं पाण्याची काय तऱ्हा असते, ते काय सांगावं! ही गाडी जिथं जाणार होती त्या गावची विहीर आटलेली. तिच्या कॉम्प्रेसरच्या डिझेल इंजिनावर टर्बो होता आणि तो तेल फेकत होता. काकांनी तो उतरवला. सोळा नट माझ्या ताटलीत पडले.

संध्याकाळी मी मोजले. पंधरा! पुन्हा मोजले. पंधराच. घाम फुटला. काका रागावतील, गॅरेजमधली पोरं हसतील. मी हळूच जुन्या डब्यातला तसाच एक नट काढला आणि ताटलीत टाकला. झाले सोळा.

"मोजलं का रे?"

"हो काका. सोळा."

टर्बो बसला, पाइप जोडला. ड्रायव्हर चढला. त्यानं बटणाकडं हात नेला आणि मला दिसलं ते चाक. मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेणारं! सकाळीच काकांनी सांगितलं होतं, "यात खडा जरी गेला ना, पाती तुटून इंजनात जातात. खेळ खलास."

"थांबा!" मी ओरडलो. मग रडत रडत सगळं सांगून टाकलं.

ड्रायव्हर चिडला. "गाव वाट बघतंय माझी!" काका मात्र एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पाना उचलला आणि जोडलेलं सगळं पुन्हा खोलायला घेतलं. दोन तास लागले. पाइपात नट नव्हता. टर्बोतही नव्हता. शेवटी तो सापडला रॉकेलच्या घमेल्यात, तळाच्या गाळात.

मी पुटपुटलो, "काका, उगीच खोललं. आत नव्हताच."

काका नट पुसत म्हणाले, "ते आता कळलं. मघाशी ठाऊक होतं का तुला?" मग माझा खोटा नट काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "उद्या ये. मोजायचं काम तुझंच."

ती गाडी शीळ घालत निघून गेली. तो नट अजून माझ्या टेबलावर आहे.

भाच्यानं ही गोष्ट ऐकली. मग हळूच म्हणाला, "मामा, एका क्लॅम्पचा बोल्ट सापडत नाहीये. बाहेर कुठंतरी पडला असेल असं वाटलं." मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळानं फोनमधून पान्याचा आवाज येऊ लागला. गाडी त्या रात्री चालू झाली नाही, दुसऱ्या दिवशी झाली. आता तो ती फक्त शर्यतीच्या बंद ट्रॅकवर पळवतो.

आणि हो, हे वाचून दादाच्या गाडीला टर्बो लावायला निघू नका! नोंदणीपुस्तकातली मूळ माहिती बदलेल असा फेरफार आपल्याकडं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच सांगितलं.

भाच्याचा बोल्ट कुठं सापडला, विचारताय? डाव्या टर्बोच्या पाइपात. चाकापासून वीतभर अंतरावर.

आता द्या पाहू माझ्या प्रश्नाचं उत्तर!