फिलोडेन्ड्रॉनच्या नावाखाली

चूक दाखवल्यावर "बरोबर आहे तुमचं" म्हणायचं आणि तरीही खोटी चिठ्ठी कुंडीवर तशीच ठेवायची, हे मला अजून पचलेलं नाही.

बैठकीच्या खोलीला उत्तरेची खिडकी, थेट ऊन नाही. तिथे लेमन लाइम फिलोडेन्ड्रॉन लावायचा होता. सोलापूर रस्त्यावर हडपसर सोडलं की नर्सऱ्याच नर्सऱ्या. एकीत पोपटी पानांच्या कुंड्यांची रांग होती, वर चिठ्ठी 'फिलोडेन्ड्रॉन', साडेतीनशे रुपये. शेजारी तशीच पोपटी रांग, 'निऑन मनी प्लांट', दीडशे.

मी देठ चाचपले. मनी प्लांटच्या देठाला वरच्या अंगाने पन्हळ असते. पान जाडसर, किंचित खडबडीत. फिलोडेन्ड्रॉनचं पान पातळ, मऊ. पण खरी खूण कोंबाची. फिलोडेन्ड्रॉनचं नवं पान एका वेगळ्या आवरणातून निघतं आणि ते आवरण मग वाळून गळतं. मनी प्लांटचं पान आधीच्या पानाच्या देठातूनच उलगडतं. महागड्या रांगेत एकाही कोंबाला आवरण नव्हतं. देठांना मात्र सरसकट पन्हळ.

मालक म्हणाले, "ताई, दोन्ही एकच हो." मी कोंब दाखवला. त्यांनी माळीदादांना हाक मारली. माळीदादांनी वेल उलटी केली, पेऱ्यावरच्या जाड, आखूड मुळावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "मनीच आहे, शेठ."

"बरोबर आहे तुमचं. तुम्हाला दीडशेला देतो."

"आणि चिठ्ठी?"

"राहू द्या. गिऱ्हाईक तेच नाव मागतं."

तेवढ्यात एका तरुण जोडप्याने त्याच रांगेतल्या दोन कुंड्या उचलल्या. मी त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "चालेल काकू, छान दिसतंय." सातशे रुपये मोजले गेले. माळीदादा खाली बघत पाणी घालत राहिले. ज्याला प्रत्येक वेलीची ओळख हाताने पटते, त्याच्या देखत हे चालावं?

देवगड हापूस म्हणून दुसराच आंबा दिला तर आपण पेटी परत करतो. रोपाचं मात्र सगळं चालतं. दोन्ही वेली अळूच्याच कुळातल्या हे खरं. दोन्हींत घशाला खाज आणणारे ऑक्झलेटचे स्फटिक असतात, म्हणून घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावरच टांगावी. पण एक मूळची प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरची, दुसरी उष्ण अमेरिकेतल्या जंगलांतली. म्हणजे एकच कशी?

मी दीडशेवालीच आणली. आता ती खिडकीभर पसरली आहे, पाण्याची हयगय निमूट सोसते आणि मला आवडते. ती मुलगी अगदीच चुकीचं बोलली नव्हती, असंही कधी वाटतं. तरी कोणी विचारलं तर सांगते: मनी प्लांट हवा असेल तर शेजाऱ्यांकडून एक फांदी मागा, पेरं बुडेल इतक्या पाण्यात ठेवा, मुळं फुटतात. पैसे मोजायचे ते फिलोडेन्ड्रॉनच्या कोवळ्या, गुलाबीसर पानासाठी. आणि कोंब बघितल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका.