चाकांची पेटी

कोपर येथील आमच्या जुन्या घराच्या मागील पडवींत एक पेटी पुष्कळ वर्षें पडून होती. पेटी म्हणण्यापेक्षां तिला लहानसें कपाट म्हटलें तरी चालेल. कारण तिची उंची कमरेइतकी, वर उघडणारें झांकण, पुढें सहा खण आणि खालीं चार चाकें. गेल्या दिवाळीपूर्वीं घर आवरण्यास काढलें तेव्हां घरांतील तरुण मंडळींचा एकमतानें ठराव झाला कीं ती भंगारवाल्यास द्यावी. भंगारवाला आला. त्यानें पेटी हलवून पाहिली, चाकें बोटानें वाजवून पाहिलीं, आणि म्हणाला, "लाकडाचें कांहीं येणार नाहीं, लोखंडाचे दीडशें देतों." तो पैसे मोजूं लागला. त्या क्षणीं आम्हांस काय वाटलें कोण जाणे, आम्ही एकदम "राहूं दे" म्हणून गेलों. घरांतील मंडळींनीं एकमेकांकडे पाहिलें. आम्हांसही आमच्या तोंडून निघालेल्या शब्दांचें थोडें आश्चर्य वाटलें, कारण त्या पेटीची पडवींत इतकीं वर्षें जी हेळसांड झाली ती आमच्याच हातून झाली होती.

ही पेटी आमच्या आजोबांनीं केलेली. ते माटुंग्यास रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यांत सुतार होते. हा कारखाना १९१५ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या अमदानींत निघाला. आमच्या बाजूच्या लोकांस आगगाडी त्याच्या किती तरी आधींची ठाऊक. १८५४ च्या मे महिन्याच्या १ तारखेस ती ठाण्याच्या पुढें कल्याणपर्यंत धांवूं लागली, ती आमच्या याच खाडीकांठच्या जमिनीवरून. परंतु आगगाडीचा डबा हा त्या काळीं बराचसा सुताराच्या हातचा जिन्नस होता, हें आजच्या मुलांस सांगितल्यावांचून समजणार नाहीं. खालचा सांगाडा तेवढा लोखंडी. त्यावरच्या भिंती, दारें, बांकें, खिडक्यांच्या झडपा, सगळें लाकूडकाम, आणि तेंही पुष्कळ ठिकाणीं सागवानी. सागाच्या अंगांत तेल असतें, त्यामुळें त्यास वाळवी सहसा लागत नाहीं, आणि उन्हापावसांत तो इतर लाकडांइतका फुगत-आकसत नाहीं. असा लांबलचक डबा दुरुस्तीस आला म्हणजे सुतारास त्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरकत सरकत काम करावें लागे. दर वेळीं हत्यारांचें ओझें उचलून नेण्याचा आजोबांस कंटाळा येई, आणि म्हणून त्यांच्या मनांत चाकांच्या पेटीची कल्पना आली, असें आमच्या घरांत सांगत असत. पेटी मात्र त्यांनीं घरींच बांधली. तळाच्या फळीवर पेन्सिलीनें १९३९ असें साल घातलेलें आहे.

पुढें १९५५ सालीं मद्रासेजवळ पेरांबूर येथें पोलादी डब्यांचा मोठा कारखाना निघाला, आणि हळूंहळूं लाकडी डब्यांचा काळ संपत आला. आजोबांस याचें फार दुःख झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. पेन्शन घेऊन ते कोपरास आले आणि ओटीवर बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खुर्च्या, पाळणे, देव्हारे नीट करून देऊं लागले. सकाळीं ऊन पूर्वेच्या बाजूस असे तेव्हां पेटी तिकडे, आणि दुपारीं उजेड फिरला कीं पेटीही फिरे. चाकांचा तो गडगडाट म्हणजे आमच्या घरचें घड्याळच होतें.

आजोबा १९८४ सालीं गेले. त्यानंतर पेटी कांहीं वर्षें ओटीवर, मग जिन्याखालीं राहिली. २००५ सालच्या जुलैच्या २६ तारखेची आठवण आमच्या वाचकांच्या आईबापांस असेलच. त्या दिवशीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद झाली. इकडे उल्हास नदी व खाडी यांचें पाणी घरांत शिरलें. आम्हीं वरच्या मजल्यावर काय काय नेलें? दूरदर्शनचा संच, गाद्या, तांदुळाचें पिंप, दस्तऐवजांची पिशवी. पेटी खालींच राहिली. दोन दिवसांनीं चिखल उपसतांना ती दिसली, तेव्हां तिला ढकलत पडवींत नेली आणि वर एक पत्रा टाकला. बस्स. खण उघडून पाहण्याचें कष्टही आम्हीं घेतले नाहींत.

आतां ती दुरुस्त करावयाची असें ठरलें खरें, पण ठरविणारा सुतार नव्हता. आम्हीं जन्मभर कचेरींत लेखणी चालविली. पहिल्याच दिवशीं एका शेजाऱ्याचें विजेवर चालणारें घासयंत्र मागून आणलें व झांकणावर फिरविलें. धुरळा उडाला, आणि एका कोंपऱ्यावरचा काळसर तपकिरी रंग जाऊन खालचें पिंवळें लाकूड नव्या खोक्यासारखें उघडें पडलें. आम्ही मोठ्या ऐटींत ते पाहत उभे असतां गल्लींतले एक वृद्ध मिस्त्री कुंपणाशीं थांबले. त्यांनीं आंत येऊन त्या जागेवरून हात फिरविला व विचारलें, "साहेब, हा रंग व्हायला किती वर्षें लागतात, ठाऊक आहे?" आम्हीं यंत्र बंद केलें. तो कोंपरा अजून तसाच फिकट आहे, आणि पेटी पाहण्यास येणाऱ्यास आम्ही तो मुद्दाम दाखवितों.

त्या दिवसापासून मिस्त्रींच्या देखरेखीखालीं काम चाललें. त्यांनीं स्वतः हात फारसा लावला नाहीं. चहा घेत आम्हांस सांगत. पेटी उन्हांत ठेवावयाची नाहीं, सावलींत वाळवावयाची, नाहीं तर फळी तडकते. चिखल ओला करून काढावयाचा नाहीं, सुका करून ब्रशानें झाडावयाचा. गंजलेला स्क्रू जोरानें फिरवावयाचा नाहीं. त्यावर रॉकेलचे दोन थेंब टाकून रात्रभर स्वस्थ बसावयाचें. आमच्या वयाच्या माणसास हें स्वस्थ बसणेंच सर्वांत कठीण गेलें.

खण बाहेर काढण्यास तीन आठवडे लागले. पुराच्या पाण्यानें ते फुगून आंत घट्ट बसले होते. एक एक खण निघूं लागला तसतसे आजोबा आम्हांस नव्यानें कळूं लागले. खणांचे कोंपरे त्यांनीं खिळ्यांनीं जोडलेले नव्हते; एका फळीस पारव्याच्या शेपटीसारखे रुंद होत जाणारे दांते, दुसरींत नेमके तसेच खांचे, आणि ते एकमेकांत बसविलेले. पूर्वींचे सुतार यांस सरस लावीत. सरस म्हणजे जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेली खळ. ती पाण्यानें विरघळते. पुरांत सगळा सरस धुऊन गेला होता, तरी सहांपैकीं पांच खणांचे सांधे जागचे हलले नव्हते. दांत्यांनीं खांचे सोडले नव्हते. "आणि सरसाचा गुण पाहा," मिस्त्री म्हणाले, "कोमट पाण्यानें सुटतो, पुन्हां लावतां येतो. हल्लींच्या गोंदाचें एकदां चिकटलें कीं फोडल्याशिवाय निघत नाहीं." आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें खणांच्या मागच्या बाजूचें. पुढून दिसणारे सांधे सुरेख असावेत हें समजतें. पण जी बाजू खण आंत गेला कीं जन्मांत कोणास दिसावयाची नाहीं, तेथेंही तेच दांते, तितकेच सरळ. प्रत्येक फळीच्या आंतील अंगास पेन्सिलीचे आंकडे होते, इंच आणि सूत; एका इंचाचीं आठ सुतें. एके ठिकाणीं आजोबांची वजाबाकी चुकलेली होती व ती खोडून पुन्हां मांडली होती. तें पाहून आम्हांस मोठा धीर आला.

अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांत स्टडली नांवाचा पियानो बनविणारा एक कारागीर होऊन गेला (१८३८–१९२५). त्याची हत्यारांची पेटी जगप्रसिद्ध आहे. भिंतीवरच्या त्या एका पेटींत सुमारें ३०० हत्यारें बसतात, आणि हस्तिदंत, शिंपला, शिसवी यांचें तींत नक्षीकाम आहे. तिचीं चित्रें आम्हीं पाहिलीं आहेत व तोंडांत बोट घातलें आहे. आजोबांच्या पेटींत हत्यारें एकूण ४३, आणि नक्षी म्हणाल तर कुलपाभोंवतालची एक पितळी चकती. ती आम्हीं चिंच व राख लावून घासली.

झांकणाखालीं एक तबक आहे. त्यांत प्रत्येक हत्याराच्या आकाराची खांच कोरलेली: चार पटाश्या, गुण्या, गिरमिट, सामता, दोन कानशी. सगळीं हत्यारें आपापल्या जागीं सांपडलीं, गंजलेलीं खरीं, पण सांपडलीं. एकच खांच रिकामी होती, वीतभर लांब, एका टोंकाशीं रुंद. "येथें छोटा रंधा असणार," मिस्त्री म्हणाले. आम्ही कांहीं बोललों नाहीं. तो रंधा कोठें आहे हें आम्हांस ठाऊक होतें.

येथें आम्हांस एक जुनी गोष्ट सांगणें भाग आहे. १९६९ सालीं आम्ही नऊ वर्षांचे व धाकटा भाऊ सात वर्षांचा होता. आजोबा दुपारीं निजले म्हणजे ती चाकांची पेटी आमची आगगाडी होई. एका दुपारीं आम्हीं पेटीच्या झांकणावर चढण्यासाठीं खालचा खण अर्धा ओढून त्याची पायरी केली, वर बसलों, आणि भावास ढकलावयास सांगितलें. ओटीच्या उतारावर पेटी सुटली व जोत्याच्या दगडावर आदळली. बिडाचें चाक लोखंडासारखें वांकत नाहीं, तें फुटतें. पुढचें एक चाक दुभंगलें. घाईनें उतरतांना आमचा पाय त्या खणांत पडून तळाची फळी तडकली. वडील घरीं आले. "कोणीं केलें?" या प्रश्नास आम्हीं भावाकडे बोट दाखविलें. त्यानें मार खाल्ला. सात वर्षांचा पोर, ढकललें तर त्यानें होतेंच. त्यास वाटलें असेल कीं अपराध आपलाच. आजोबा खण हातांत घेऊन बराच वेळ पाहत बसले, आणि कांहीं बोलले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं भावास जवळ बोलावून तो छोटा रंधा त्याच्या हातीं दिला, खेळावयास नव्हे, कायमचा. आम्हांस राग आला. ज्यानें पेटी मोडली म्हणून मार खाल्ला त्यासच बक्षीस! धाकटा तो लाडका, असें आम्हीं मनाशीं ठरविलें, आणि तें ठरविणें आमच्या मनांत पन्नासांहून अधिक वर्षें राहिलें. भाऊ पुढें नाशिकास स्थायिक झाला. रंधा त्यानें बरोबर नेला.

फुटलेल्या चाकाच्या जागीं आजोबांनीं बाभळीच्या लाकडाचें चाक करून बसविलें. बैलगाडीच्या चाकांस बाभूळ वापरतात तीच. म्हणून पेटीचीं तीन चाकें बिडाचीं व एक लाकडी आहे. तें बदलून टाकण्याचा विचार आम्हीं केला नाहीं. पण खालचा खण दुरुस्तीस घेतला तेव्हां त्याची तळाची फळी बाहेर काढावी लागली. तडकलेल्या जागीं आजोबांनीं सागाची पट्टी सरसानें जोडली होती, आणि फळी बसवितांना ती उलटी बसविली होती, वरची बाजू खालीं. मिस्त्रींनीं ती पालथी केली व विचारलें, "हें काय?" फळींत एक खोल अर्धचंद्राकृति खूण उमटली होती, आणि तिच्या आंत लहान खिळ्यांचे तीन ठिपके.

ती नालेची खूण होती. आमच्या शाळेंत चामड्याचे बूट लागत, आणि टांचा झिजूं नयेत म्हणून वडील चांभाराकडून त्यांस लोखंडी नाल ठोकून घेत. भाऊ त्या वर्षीं गल्लींतल्याच शाळेंत जाई, अनवाणी. ज्या माणसानें जन्मभर लाकडावरच्या खुणा वाचल्या त्यास ही एक खूण वाचावयास किती वेळ लागला असेल? त्यांनीं नवी फळी घातली नाहीं. ती खूण रंध्यानें काढून टाकणें त्यांस दोन मिनिटांचें काम होतें. तेंही त्यांनीं केलें नाहीं. फक्त फळी उलटी केली. आम्ही त्या दिवशीं पुढें काम केलें नाहीं. मिस्त्री चहा पिऊन गेले.

भावास पत्र लिहावें असें प्रथम मनांत आलें, पण लिहवेना. शेवटीं दूरध्वनि केला व पेटी पाहावयास ये एवढेंच म्हणालों. तोंपर्यंत पावसाळा सरून हवा कोरडी झाली होती. ओल्या हवेंत चपड्याचें पॉलिश पांढरें पडतें, म्हणून मिस्त्रींनीं तें काम मागें ठेवविलें होतें. स्पिरिटमध्यें विरघळविलेला चपडा फडक्याच्या बोळ्यानें चोळीत आम्ही ओटीवर बसलों असतां भाऊ आला. आम्हीं त्याच्या हातीं ती फळी दिली आणि जें सांगावयाचें तें सांगितलें. तें नीट सांगतां आलें नाहीं.

त्यानें खुणेवरून आंगठा फिरविला. "दादा," तो म्हणाला, "रंधा देतांना आजोबा मला म्हणाले होते, ‘मार तुझा नव्हता, हें मला ठाऊक आहे. तूं दादाला कांहीं बोलूं नकोस.’ म्हणून मी बोललों नाहीं."

मग त्यानें पिशवींतून रंधा काढला. त्याचें पातें लखलखीत होतें. तो अजून वापरीत असे. त्यानें तो तबकांतल्या रिकाम्या खांचेंत ठेवून पाहिला. बसला नाहीं. पुरांत लाकूड फुगून खांच एक सूतभर आंखडली होती. आम्हीं खांच कोरण्यास पटाशी उचलली, तों तो म्हणाला, "राहूं दे, मिस्त्रींना विचारूं उद्यां." रंधा त्यानें झांकणावर, त्या फिकट कोंपऱ्यावर ठेवला, आणि पेटी कशी चालते तें पाहण्यासाठीं तिला हलकेंच ढकललें. बिडाचीं तीन चाकें गडगडलीं, आणि बाभळीचें चाक दर फेऱ्यास एकदां टक् करून वाजलें.